अक्षर चालते तिचं

पाटलीणबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा माझ्यापुढे येऊन थांबला. बोट कुंकवात बुडवलेलं होतं. मी मान पुढे केली. डोळेही मिटले, कुंकू लावून घेताना आपोआप मिटतात तसे.

बोट आलंच नाही.

डोळे उघडले तर बाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. मागे वळून आपल्या नणंदेला विचारत होत्या, "हिले लावू का वो?"

"मी काय सांगू?" नणंद म्हणाली. "तो हाय का नाही, कोनाले मालूम बापा."

हॉलमध्ये दहाबारा बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या कपाळावर ताजं कुंकू. कूलर घरघरत होता. कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. तिच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकाही मीच लिहिल्या आहेत.

"राहू दे मंग," पाटलीणबाई म्हणाल्या. "शुभाचं काम हाय, शंका कायले ठेवाची. पत्रिकेच्या कोपऱ्याले हळदकुकू आमी लावतो. हिले फक्त नावं लिवू द्या. अक्षर चालते तिचं."

करंडा माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईकडे गेला. मी पुढे केलेली मान मागे घेतली. त्या मान मागे घेण्याची मला आजही लाज वाटते. थोबाडीत मारली असती तर निदान गाल तरी लाल झाला असता. इथे काहीच दिसण्यासारखं नव्हतं. कपाळ होतं तसंच होतं.

मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेले नाही. मार्करचं टोपण काढलं आणि लिहायला बसले.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या बाजूला. गावात कोणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकांवर नावं लिहायला मला बोलावतात. बारावी शिकलेली सून, अक्षर छापल्यासारखं. आता मोबाइलवर पत्रिका येतात, खरं आहे. पण हातात पत्रिका दिल्याशिवाय आमच्याकडे माणूस जेवायला येत नाही. "मोबाइलवर तं साऱ्या जगाले जाते," म्हणतात. पाकिटावरचं नावही हातानंच लिहिलेलं लागतं. पाकीट गुळगुळीत, सोनेरी काठाचं. साधं पेन त्यावर घसरतं. बारीक मार्कर लागतो, आणि ओळ वाळेपर्यंत हात टेकवायचा नाही. हे मला जमतं. एरवी मी धानाच्या रोवणीला जाते, निंदायला जाते, आणि घरी बसून लोकांचे अर्ज लिहून देते. कोणी त्याबदल्यात वांगी देतं, कोणी लाखोळीची डाळ. कोणी नुसतं "बरं झालं वो बाई" म्हणून जातं.

नाव लिहिणं सोपं असतं. अवघड असतं ते नावाआधीचं. कोणाला 'श्रीमान' लिहायचं, कोणाला नुसतं 'श्री.', कोणाला 'सपरिवार' लिहायचं आणि कोणाला नाही. सपरिवार राहून गेलं म्हणून दोन घरांत तीन वर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. बायकांचं त्याहून नाजूक. नवरा असला तर 'सौ.', गेला तर 'गं. भा.', लग्न झालं नसेल तर 'कु.'. बाईच्या नावाआधी तिच्या नवऱ्याची खबर द्यावी लागते. इतकी वर्षं मी ती खबर गावभर वाटत होते आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं.

मायना मला शाळेत शिकवला. आमचे गुरुजी पत्रलेखन घ्यायचे तेव्हा फळ्यावर दोन रकाने आखायचे. वडिलांना तीर्थरूप. धाकट्या भावाला चिरंजीव. मित्राला सप्रेम नमस्कार. मी हात वर करून विचारलं होतं, गुरुजी, ज्याला पत्र लिहायचं तो कोण आहे तेच माहीत नसलं तर? गुरुजी म्हणाले होते, "तर माननीय महोदय लिहायचं. कोण आहे ते माहीत नसलं की मान जरा जास्तच द्यावा. जास्त झाला तर कोणाचं काही जात नाही. कमी पडला तर माणूस जन्मभर विसरत नाही." मी ते वहीत लिहून घेतलं. पुढे शेकडो अर्ज लिहिले, प्रत्येकाची सुरुवात तशीच केली.

पाटलांच्या घरी मी त्या दिवशी एका लोभानं गेले होते. तोही सांगून टाकते. मला एक पत्रिका पाहिजे होती. माझ्या नावाची. पाटलांच्या घरचं लग्न म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला पत्रिका. धाकट्या मुलाचं लग्न, शेवटचं कार्य, कोणाला सोडायचं नाही असं पाटील स्वतः बोलले होते. मग आमच्या घरालाही येणार. आमच्या घरात माणसं दोन, मी आणि सासू. सासूला वाचता येत नाही. मग पत्रिकेवर नाव कोणाचं येणार? मी मनातल्या मनात हिशोब केला आणि लहान पोरीसारखी खूश झाले. अकरा वर्षांत माझ्या नावानं एक कागद घरी आला नव्हता. विजेचं बिल सासऱ्यांच्या नावानं, शिधापत्रिका सासूच्या नावानं. माझं नाव फक्त अर्जाच्या खाली, तेही 'अर्ज लिहून देणार' म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला. आमच्याकडून टोळ्या जातात, धानाचं काम आटपलं की. बायाही जातात. मी जाणार होते, पण सासरे आजारी होते म्हणून राहिले. टोळी होळीच्या आत परत आली. त्यात तो नव्हता. ठेकेदार म्हणाला, तो दुसऱ्या शेतावर गेला. दुसऱ्या शेतावर कोणी पाहिला नाही. फोन लागायचा, मग लागेनासा झाला. आमचं भांडण नव्हतं. जाताना त्यानं मला सांगितलं होतं, धानाच्या बांधीच्या कडेच्या तुरी तोडून घे. मी तुरी तोडून ठेवल्या.

ज्या शेतावर तो होता त्याच्या मालकाला मी पत्रं लिहिली. गावाचं नाव ठेकेदारानं सांगितलं, मालकाचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. मला तेलुगू येत नाही, मोडक्या हिंदीत लिहिलं. सुरुवात केली, "माननीय महोदय". ज्याला मी कधी पाहिलं नाही, ज्याच्या शेतातून माझा माणूस नाहीसा झाला, त्यालाही मी माननीय म्हटलं. सहा पत्रं लिहिली. एक परत आलं, पाच आली नाहीत. पोलिसांत अर्ज दिला, महोदय. सरकारी मदतीसाठी तहसीलमध्ये अर्ज दिला, महोदय. तिथल्या बाबूनं कागदावर बोट ठेवून विचारलं, "विवाहित, विधवा, परित्यक्ता. नेमकं काय तुमचं?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "माहीत नाही असा रकाना नाही."

सासू रोज सकाळी माझं कपाळ पाहते. टिकली असली की तिचा मुलगा जिवंत. एकदा तापात मी दोन दिवस टिकली लावली नाही तर बुढी जेवली नाही. गावाचं उलटं. टिकली दिसली की बायका एकमेकींकडे पाहतात. हिला अजून आशा आहे, किंवा हिला लाज नाही, दोन्हीपैकी काहीतरी. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, कारण काय सांगावं. कोणी मेलं तर विधवांच्या घोळक्यातही बसवत नाहीत, कारण काय सांगावं. ना इकडे, ना तिकडे. घरी गावभरच्या सुनांच्या गप्पा भिंतीपलीकडून ऐकू येतात. मी भांडी घासते आणि ऐकते. एकटं राहण्याची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही.

तर मी लिहायला बसले. पाटलीणबाईंची नणंद जुन्या वहीतून नावं वाचत होती. थोरल्या मुलीच्या लग्नातली वही, सहा वर्षांपूर्वीची. आधी बाहेरगावचे. तुमसरचे राईस मिलवाले शेठ, त्यांना 'श्रीमान' आणि 'सपरिवार'. भंडाऱ्याचे डॉक्टर. साकोलीचे व्याही. मी लिहीत होते, बायका चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होत्या आणि वाळायला मांडत होत्या. मग गावातली नावं सुरू झाली. आळीमागून आळी. आमची आळी आली तसा माझा हात थोडा हळू चालायला लागला.

नणंदेनं माझ्या सासऱ्यांचं नाव वाचलं.

मी मार्कर उचलला. "ते तं चार साल झाले, गेले," मी म्हटलं.

"मंग? घर तं तेच हाय न," पाटलीणबाई म्हणाल्या. "घरात दुसरा माणूस कोन हाय तुमच्या?"

आमच्याकडे माणूस म्हणजे पुरुष. मला ठाऊक होतं. तरी मी बोलले. "आई हाय. मी हाये."

"बुढीले वाचता येते का? अन् तुहं लिवाचं तं काय लिवाचं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरं तर त्या समजावून सांगत होत्या, लहान मुलाला सांगावं तसं. "सौ. लिवू का गं. भा.? सांग, तूच सांग. सौ. लिवलं अन् तो नसला तं? गं. भा. लिवलं अन् उद्या येऊन उभा राहिला तं? माह्या पोराच्या लग्नाले पाप कायले लावतं?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी उत्तर द्यावं म्हणून खरंच थांबल्या होत्या. कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो कोरडा वाजत होता.

मी खाली पाहिलं आणि लिहिलं. श्री. पुढे सासऱ्यांचं नाव. सपरिवार. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात. मेलेल्या माणसाला लग्नाचं आमंत्रण. ओळ वाळेपर्यंत हात टेकवला नाही. अक्षर चांगलं आलं होतं.

दिवस मावळायच्या आधी घरी आले. सासू दारात बसून मोहफुलं निवडत होती. तिनं आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं. टिकली होती, पण वर कुंकू नव्हतं. पाटलांच्या घरून शुभाच्या कामावरून आलेली सून आणि कपाळावर कुंकू नाही, हे तिला एका नजरेत कळलं. ती काही विचारेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं विचारलं ते दुसरंच.

"आपली पत्रिका लिवली का?"

"लिवली."

"कोनाच्या नावानं?"

"मामाजीच्या."

बुढीचे हात थांबले. मग तिनं एक किडकं फूल बाजूला टाकलं आणि म्हणाली, "बरं झालं. घर तं गनलं." मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल. तिला बरं वाटलं. तिच्याही नावाचं कोणी काही लिहिलं नव्हतं, आणि तिला ते जाणवलंही नाही. मी चूल पेटवली. त्या संध्याकाळी मला घरात जितकं एकटं वाटलं तितकं तो गेला त्या वर्षीही वाटलं नव्हतं.

सकाळी पारबताबाई आली. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी म्हातारी मजूर बाई, रोवणीत माझ्या ओळीत असते. तिला वेगळी शिधापत्रिका पाहिजे होती, मुलगा वेगळा निघाला म्हणून. मी कागद घेतला. प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय. महोदय. सवयीनं हात चालत होता. अर्जदाराच्या जागी आले आणि सवयीनंच विचारलं, "काय लिवू, सौ. का श्रीमती?"

पारबताबाईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे?"

"म्हंजे तुमचा नवरा..."

"त्याचं काय लिवतं त्यात? शिधा मले पाहिजे का त्याले?" तिनं तंबाखू दाढेखाली सरकवली. "माहं नाव लिव. पारबता. सरकारले माह्या कुकवाचं काय करायचं हाय? तांदूळ खाते म्या, कुकू नाही खात."

ती आपल्याच बोलण्यावर हसली. मी हसले नाही. माझ्या तोंडून जे निघालं होतं ते मला ऐकू आलं होतं. पाटलीणबाईंचाच प्रश्न. तोच समजावणीचा सूर. काल ज्यानं मला कापलं तेच हत्यार आज मी एका गरीब म्हातारीपुढे धरलं होतं, आणि धरताना मला कळलंही नव्हतं. इतकी वर्षं मी हेच करत आले. किती बायांना मी गं. भा. लिहिलं, त्यांना न विचारता, दुसऱ्याच्या वहीतून वाचून. कितीजणींनी पाकीट हातात घेऊन दोन अक्षरांत आपलं उजाडपण वाचलं असेल. माझ्या छापल्यासारख्या अक्षरात. मला माझीच चीड आली. पाटलीणबाईंची आली त्याहून जास्त.

मी नुसतं 'पारबता' लिहिलं आणि पुढे तिचं आडनाव. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हाव, हेच."

दुपारी पुन्हा पाटलांच्या घरी गेले. निम्म्याहून जास्त पाकिटं राहिली होती. जाताना मी काही ठरवलं नव्हतं, हे खरं सांगते. नंतर लोकांनी म्हटलं की ती ठरवूनच आली होती. तसं असतं तर मी जास्त चांगलं बोलले असते.

आज अधिकाऱ्यांची नावं होती. बीडीओ, ठाणेदार, बँकेचे मॅनेजर. मग तहसीलदार. नणंद अडली. "नवीन आले म्हनतात. नाव तं मालूम नाही."

"बाई हाय का माणूस?" कोणीतरी विचारलं.

"तेबी मालूम नाही."

मी मार्कर हातात धरून बसले होते. पाटलीणबाई पुढे झाल्या. "त्यात काय. लिव, माननीय तहसीलदार साहेब, सपरिवार. साहेब लिवलं की बाई असली तरी चालते." मग बायकांना शिकवावं तसं म्हणाल्या, "मालूम नसलं न, तं मान जास्तच द्याचा. कमी नाही पडला पाहिजे."

फळ्यावरचे दोन रकाने माझ्या डोळ्यांपुढे आले. गुरुजींचं वाक्य पाटलीणबाईंच्या तोंडून निघालं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे नियम त्यांनाही माहीत होता. सगळ्यांनाच माहीत असतो. साहेब कोण हे माहीत नसलं तर त्याला माननीय करतात. बाई कोण हे माहीत नसलं तर तिला वगळतात. तहसीलदाराचं लग्न झालंय की नाही, जोडीदार जिवंत की मेलेला, कोणी विचारलं नाही. आणि मी याच गावात अकरा वर्षं रोज सकाळी नळावर पाणी भरते.

मी तहसीलदाराचं पाकीट लिहून बाजूला ठेवलं. गठ्ठ्यातून एक कोरं पाकीट घेतलं. लिहिलं, माननीय. पुढे माझं नाव. माझं, माहेरून आलेलं, आईबापांनी ठेवलेलं. ओळ वाळू दिली. हळदकुंकू लावणाऱ्या बाईकडे पाकीट सरकवलं.

तिनं वाचलं आणि पाटलीणबाईंकडे दिलं.

"हे कोनाचं?"

"माहं."

"माननीय? तू?"

"तुमाले मालूम नाही न मी कोन हाय ते," मी म्हटलं. "काल साऱ्यांयदेखत तुमीच विचारलं. अन् मालूम नसलं तं मान जास्तच द्याचा. आत्ता तुमीच म्हनलं."

कोणी हसलं नाही. आज एकीलाही हसू आलं नाही.

"एक पाकीट वाया घालवलं वो तू," पाटलीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते पाकीट रागानं फाडलं नाही. दोन बोटांत धरून टेबलाच्या कडेला ठेवलं, चुकलेली पाकिटं ठेवतात तिथे. मला ते फाडण्यापेक्षा जास्त लागलं.

नणंद म्हणाली, "कुकवाचा राग अक्षरावर कायले काढतं? पोराचं लग्न हाय."

मी मार्करला टोपण लावलं. टोपण लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "माहं कपाळ चालत नसन तं अक्षर बी नाही चालनार," मी म्हटलं. "बाकीची तुमीच लिवा." आणि उठले. चपला दारात होत्या, त्यातल्या एकीवर कोणाची तरी चप्पल होती. ती बाजूला करून माझी काढायला वेळ लागला. निदान "बस" तरी कोणी म्हणेल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

बाकीची नावं पाटलांच्या पुतण्यानं लाखांदूरहून छापून आणली आणि चिकटवली. सगळ्यांना ती चालली. हातानं लिहिलेलंच पाहिजे हा नियमही मग नियम राहिला नाही. कामापुरता मामा असतो, तशी मी कामापुरती सून होते, इतकंच.

सासू चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली. "आपन गावात राहतो. रानात नाही."

"गावात राहतो म्हनूनच म्हनलं," मी म्हटलं. तिनं तोंड फिरवलं.

सासऱ्यांच्या नावाची पत्रिका आली. पहिल्या दिवशी लिहिलेल्या गठ्ठ्यात ती होती. चार कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि मधे माझं अक्षर. सासूनं ती त्यांच्या फोटोला टेकवून ठेवली.

लग्न दिवसाचं होतं. सकाळपासून डीजे वाजत होता, आमच्या घरची भांडी थरथरत होती. आळीतल्या बाया घोळक्यानं निघाल्या. सासू ठेवणीतलं लुगडं नेसली, पत्रिका पदरात खोचली आणि एकटी निघाली. मला चल म्हणाली नाही. मीही गेले नसते, पण म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मग आळी रिकामी झाली. एक म्हैस, दोन कुत्री आणि मी. मी दार उघडं ठेवून दारातच बसले. लपून बसायचं नाही एवढं ठरवलं होतं. जाणारायेणारा कोणी नव्हताच. तरी दार लावलं नाही.

ऊन कलल्यावर ती आली. पदरात बुंदी बांधून आणली होती. ताटलीत ओतून माझ्यापुढे ठेवली.

"पाटलीणबाईनं विचारलं, सून नाही आली का," ती म्हणाली.

"तुमी काय म्हनलं?"

"म्हनलं, तिले पत्रिका नव्हती." ती पाय धुवायला मागे गेली. जाता जाता म्हणाली, "खोटं तं नाही म्हनलं."

मी बुंदी खाल्ली नाही. म्हशीलाही घातली नाही. ताटली झाकून ठेवली, सकाळी सासूनं खाल्ली.

त्यानंतर गावात तीन लग्नं झाली. मला कोणी बोलावलं नाही, ना लिहायला, ना जेवायला. रोवणीत माझ्या शेजारची ओळ रिकामी राहते. पारबताबाई तेवढी येते, तीही तंबाखू संपली की. मी कोणाला दोष देत नाही असं म्हणणार नाही. देते. रोज देते. पाटलीणबाईंना देते, हसणारीला देते, मिरचीच्या त्या मालकाला देते, आणि जो गेला त्यालाही देते. तुरी तोडून घे म्हणाला आणि गेला. मेला असेल तर मला कोणी सांगावं. जिवंत असेल तर त्यानं स्वतः सांगावं. त्याची बातमी माझ्या कपाळावर शोधायची नाही.

टिकली लावायची की नाही ते आता मी सकाळी उठून ठरवते. कधी लावते, कधी नाही. ठरवून पहिल्यांदा लावली नाही त्या दिवशी बुढी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्यापुढे ताट वाढलं आणि म्हटलं, "तुमचा पोरगा माह्या टिकलीवर जगून नाही राहिला, आई. जेवा." ती जेवली. रडत जेवली. मीही रडले, पण टिकली लावली नाही.

अर्ज मी अजून लिहिते. बाया येतात, आधीपेक्षा थोड्या कमी. त्यांचं नाव विचारते, आडनाव विचारते, गाव विचारते. नवरा विचारत नाही. जिला स्वतःहून सांगायचं असेल तिचं लिहिते. वर साहेबाला अजून महोदयच लिहिते, कारण तो कोण ते मला माहीत नसतं आणि गुरुजींनी शिकवलेलं मी विसरले नाही. पण आता अर्जदाराच्या ओळीत बाईचं नावही तेवढ्याच जाड अक्षरात लिहिते.

तहसीलमध्ये माझा अर्ज पुन्हा दिला आहे. त्या तीन रकान्यांवर एक आडवी रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहिलं. बाबू म्हणाला, असा अर्ज चालत नाही. मी म्हटलं, मग परत पाठवा. माझ्या नावानं पाठवा. अजून आला नाही. आला की मी तसाच पुन्हा देईन. जितक्यांदा येईल तितक्यांदा देईन.

आणि माझं नाव मी इथे लिहीत नाही. गावात इतकी वर्षं राहिले, कोणी ते लिहिलं नाही, आता फुकट कशाला देऊ? ज्याला मला पत्र पाठवायचं असेल त्यानं माझ्या दारी यावं. दार उघडं असतं. नाव विचारावं, मी सांगेन. दुसरं काही विचारलं तर आल्या पावली परत पाठवीन.